मजुरीचा रकाना

गेल्या महिन्यात वडशाहून एक तरुण वेल्डर आमच्या कार्यालयात आला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर चंद्रपूरचे ऊन, आणि त्याच्या काखेत दोनशे पानी वही. दोन माणसांची, उघडी, बसकी स्पोर्ट्स कार तो घरामागच्या पडवीत बांधतो आहे. त्याने वही पुढे केली आणि एवढेच म्हणाला, "सर, खर्च बघा जरा. स्वस्तात होते का नाही?"

वही नीटनेटकी होती. अपघातात गेलेल्या ओम्नीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल. चौकोनी पाइप, वेल्डिंगचे रॉड, ग्राइंडरच्या चकत्या, रेझिन. चहा-नाश्त्याचे 1,140 रुपयेसुद्धा तारीखवार लिहिलेले. बेरीज लाखाच्या जरा पुढे गेली होती. सगळी पाने चाळून झाल्यावर आम्ही विचारले, "तुझी मजुरी कुठे आहे?" तो हसला. "माजीच मेहनत आहे ना जी सर, तिचे काय पैसे लावाचे?"

या अंकाचे संपादकीय त्या उत्तराविषयी आहे.

स्वस्त गाडीची जी गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, ती देवराष्ट्र्याची. सांगली जिल्ह्यातल्या या गावात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावात, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून जीपसारखी छोटी चारचाकी उभी केली. स्टार्टरऐवजी दुचाकीसारखी किक, आणि खर्च सुमारे 60,000 रुपये. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांपर्यंत पोहोचली. गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हे त्यांनी त्याच वेळी स्पष्ट लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली. देशभर आकडा गाजला तो साठ हजारांचा. आता या आकड्यात लोहाराचे हात मिळवून बघा. कसबी कारागिराचा रोज नुसता 700 रुपये धरला आणि काम नव्वद दिवसांचे धरले, तरी 63,000 होतात. म्हणजे गाडीची किंमत दुप्पट. हे दिवस आम्ही अंदाजाने धरले आहेत, कारण खरे दिवस कोणी विचारलेच नाहीत. बातमीदारांनी नाही, आणि आपण धंद्यातल्या लोकांनीही नाही.

यावर कोणी म्हणेल, हौसेला कसली मजुरी? मान्य. हौसेचे पैसे कोणी मागू नयेत. आमची तक्रार पैशाची नाहीच. ज्या हिशेबात मजुरी शून्य असते, त्या हिशेबात बचत चुकीच्या जागी होते, ही आमची तक्रार आहे.

वडशाच्या वहीतच बघा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर: जुना, 300 रुपये. ब्रेकचे होज: जुनेच, शून्य रुपये. सीटबेल्ट: नोंद नाही. बॉडीला किती दिवस गेले, हे विचारल्यावर त्याने बोटे मोजली आणि म्हणाला, एक्केचाळीस. त्यात नुसत्या नाकाडावरच्या हवेच्या खाचा दोनदा तोडून तिसऱ्यांदा बसवल्या होत्या. या एक्केचाळीस दिवसांना हिशेबात किंमत नाही, म्हणून ते खर्च झाले असे त्याला वाटतच नाही. नवा मास्टर सिलिंडर मात्र रोख मागतो, म्हणून तो महाग. आणि गाडीत रोख मागणाऱ्या वस्तू कोणत्या? ब्रेक, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, टायर, बेल्ट, पेट्रोलची नळी. घरी बनवता येत नाहीत, बाजारातूनच आणाव्या लागतात, आणि जीव त्यांच्यावरच असतो. तंगीत पहिली कात्री त्यांनाच लागते. मजुरीचा रकाना कोरा ठेवण्याची सवय अशी थेट ब्रेकच्या पेडलापर्यंत जाऊन पोहोचते.

रोज लिहिणारा माणूस हेच काम वेगळ्या तऱ्हेने करतो. खाच तिसऱ्यांदा तोडायची म्हटली की त्याला चार दिवसांचे 2,800 रुपये दिसतात, आणि तो आधी पुठ्ठा कापून बघतो. फुकटच्या हाताला दुसऱ्यांदा विचार करायची गरजच पडत नाही.

स्वस्त स्पोर्ट्स कारच्या वेडाचा मूळ ग्रंथ इंग्लंडातला. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली 'सेव्हन' आणली. पाइपांचा हलका सांगाडा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर, दारे नाहीत, छप्पर नावापुरते. तीच ठेवण धरून रॉन चॅम्पियन यांनी 1996 मध्ये पुस्तक लिहिले आणि फक्त 250 पौंडांत स्पोर्ट्स कार बांधा, असे शीर्षकातच सांगितले. जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची, तिचे पोट काढून स्वतः जोडलेल्या सांगाड्यात घालायचे. त्या 250 पौंडांतही मजुरी नव्हती, हे उघड आहे. पण चॅम्पियन यांनी एक गोष्ट केली जी आपल्याकडे होत नाही. सांगाड्याच्या प्रत्येक नळीचे माप छापले. त्यातली काही मापे चुकलेली होती. लोकांनी बांधायला घेतल्यावर नळ्या जुळेनात, मग त्यांनीच चुका शोधून सुधारलेली रेखाटने काढली आणि एकमेकांना दिली. चूक कागदावर होती म्हणून ती सुधारता आली. देवराष्ट्र्याच्या गाडीचे रेखाटन कोणी पाहिले आहे? वणी-भद्रावती पट्ट्यातल्या तरुणांनी 2023 मध्ये हायड्रोजनवर चालणारी, स्पोर्ट्स कारच्या घाटाची गाडी केली. त्या वेळी फोटो मुंबईपर्यंत गेले, कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. सांगाड्याची मापे आपल्या गॅरेजांपर्यंत आली का?

आता कामाचे बोलू. चॅम्पियन यांचा सांगाडा मुख्यतः 25 मिलिमीटर चौकोनी, 16 गेजच्या पाइपाचा आहे. म्हणजे आपण गेट आणि खिडक्यांच्या ग्रिलला वापरतो तोच. वीस फुटी नळीचे वजन सात किलोच्या आसपास, आणि अशा सात-आठ नळ्यांत सांगाड्याचा बराचसा भाग निघतो. किलोला 70 रुपये धरले तरी लोखंड चार हजारांच्या आत. सांगाडा महाग नाहीच. तो वाकडा होणे महाग आहे. 1.6 मिलिमीटरच्या भिंतीला 3.15 चा रॉड लावला की भोक पडलेच. 2.5 चा किंवा त्याहून बारीक रॉड घ्या, मिग मशिन असेल तर 0.8 ची तार. आधी सगळा सांगाडा नुसता टॅकवर उभा करा, कर्ण मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले तरच पुढे जा, आणि पक्के वेल्डिंग आलटून पालटून दोन्ही बाजूंनी करा. गेट बनवणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही, पण गाडी म्हटली की हाच माणूस गुण्या बाजूला ठेवून डोळ्याने बघायला लागतो. का, कोण जाणे.

इंजिनासाठी पोरे मारुती 800 शोधतात. तिचे इंजिन आडवे आणि जोर पुढच्या चाकांना. ते ड्रायव्हरच्या मागे बसवता येते, पण गिअरच्या दांड्या आणि रेडिएटरची नळी यांची कसरत मोठी. ओम्नीत तेच 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन लांबीत बसते, मागे गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पक्का मागचा अॅक्सल. सेव्हनच्या ठेवणीला ओम्नीच बरी, त्यामुळे वडशाच्या पोराने इथे अक्कल वापरली म्हणायचे. ताडोबाच्या सफारीमुळे आपल्याकडच्या मिस्त्रींचा हात जिप्सीवर बसला आहे, त्यांना तिचा मोह होतो. 1298 सीसीचे इंजिन घ्या खुशाल, पण पाचशे किलोच्या गाडीखाली जिप्सीचे अॅक्सल घालून हलकेपणाची माती करू नका. आणि भंगारातून काहीही उचलताना मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आधी मागा. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. तो कागद नसेल तर इंजिन क्रमांकावरून चोरीचा संशय तुमच्यावर येईल.

फायबरच्या कामाला आपला मे महिना वाईट. पारा 45 च्या वर असताना दुपारी रेझिन कालवले तर ब्रश बुडवेपर्यंत डब्यात दगड होतो. पहाटे पाचला सुरू करा, हार्डनर कमी घ्या, डबा लहान घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर.

वजनाचा एक किस्सा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हीही अशी एक गाडी बांधली होती. बांधताना सगळ्यांनी हाताने हलवून सांगितले, एकदम हलकी झाली. पडोलीला कोळशाच्या ट्रकांचा धर्मकाटा आहे, तिथे घेऊन गेलो. रस्त्यावर चालवायची नाही म्हणून टेम्पोत घालून. काट्यावरचा माणूस खिडकीतून बाहेर वाकला. "भाऊ, एवढ्याशा खेळण्यासाठी पावती फाडू काय?" फाडली बिचाऱ्याने. आधी पूर्ण गाडी, मग नुसती पुढची चाके, मग नुसती मागची. काटा दहा-दहा किलोने सरकतो, पण आम्हाला कळायचे ते कळले. एकूण 640 किलो, आणि त्यातले 390 मागे. आम्ही समजत होतो निम्मे-निम्मे. बॅटरी, टाकी, जॅक, सुटे चाक सगळे मागे कोंबले होते. ब्रेक मात्र पुढे डिस्क आणि मागे लहान ड्रम, मूळ गाडीच्या वजनाला जुळणारे. पुढचे महिनाभर काम पुन्हा. ती पावती आम्ही अजून जपून ठेवली आहे. काट्याला तेव्हा पन्नास रुपयेही लागले नव्हते.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 39: नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवायची नाही. कलम 52: नोंदवलेल्या गाडीत उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय नियम 126 प्रमाणे तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. तो खर्च हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्याला परवडतो, एकच गाडी बांधणाऱ्या माणसाला नाही. ब्रिटनमध्ये अशा एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते, ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर बघतात, उत्तीर्ण झाली तर नंबर मिळतो. आपल्याकडेही ती वाट हवी, हे आमचे मत आहे. पण ती मागायला जाताना हातात काय घेऊन जायचे? साठ हजारांची बातमी दाखवून कोणी नियम बदलणार नाही. मापे, वजने, ब्रेक लावल्यावर किती फुटांत थांबली ते, आणि किती तास लागले ते, एवढे दहा गाड्यांचे तरी कागद लागतील.

तोपर्यंत गाडी स्वतःच्या शेतात, बंद आवारात, कॉलेजच्या मैदानात. एमएच 33 आणि एमएच 34 वाल्यांना खास सांगणे: जंगलातला वनखात्याचा रस्ता रिकामा दिसतो म्हणून तो खासगी होत नाही. मोहर्ली काय, आलापल्ली काय, तिथे फुटक्या सायलेन्सरची गाडी घेऊन गेलात तर या धंद्याचे नाव खराब होईल, आणि वाघ समोर आला तर तुमच्या गाडीला दार नाही हेही ध्यानात असू द्या.

इंजिनीअरिंगची पोरे या बाबतीत आपल्या पुढे आहेत, हे कबूल केले पाहिजे. 2007 पासून पीथमपूरला बाहा स्पर्धा होते. तिथे पाइपाचा व्यास, जाडी आणि पोलादातला कार्बन किती हे नियमपुस्तकात असते, आणि खर्चाच्या अहवालाला वेगळे गुण असतात. गाडी पळाली नाही तरी कागद तपासले जातात. आपल्या गॅरेजात गाडी पळते आणि कागद नसतो.

वडशाच्या तरुणाला आम्ही चहा पाजला आणि वहीच्या डाव्या समासात एक रेघ मारून दिली. वर लिहिले, तास. तो म्हणाला, "मागचे तर आठवत नाही." म्हटले, आजपासून लिही. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. नवा टँडेम मास्टर सिलिंडर घेतला, हवेच्या खाचा काढून टाकल्या.

चंद्रपूर, गडचिरोली आणि शेजारच्या जिल्ह्यांत ज्यांनी ज्यांनी घरी गाडी बांधली आहे किंवा बांधायला घेतली आहे, त्यांनी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आम्हाला चार गोष्टी पाठवाव्यात: हाताने काढलेले का असेना, सांगाड्याचे रेखाटन, धर्मकाट्याच्या तीन पावत्या, सपाट जागी ताशी 40 किलोमीटर वेगावरून ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबली ते, आणि खर्चाचा तक्ता. येईल ते सगळे छापू, चुका असतील तर त्याही छापू. मजुरीचा रकाना कोरा असेल तर तक्ता परत येईल.