घडी घालण्याआधी उत्तर सांगा

सममितीचा धडा आला की वर्गात कागदाच्या घड्या, आरसे, ठिपक्यांच्या रांगोळ्या काढाव्यात की सरळ फळ्यावर व्याख्या लिहून उदाहरणं सोडवून घ्यावीत? आमच्या हिमायतनगरकडे दुसऱ्या मताचं वजन अधिक आहे. ते मत आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

ते असं: आपण लातूर पॅटर्नच्या पट्ट्यातले लोक. नेमका सराव, सतत चाचण्या आणि चुकांची दुरुस्ती यांच्या बळावर इथल्या मुलांनी नाव कमावलं. तांड्यावरच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. घड्या घालत बसलं तर अभ्यासक्रम कधी संपायचा? ती हौस चित्रकलेच्या तासाला भागवावी. गणिताच्या तासाला गणितं सोडवावीत.

सरावाचं मोल मला मान्य आहे. पण परीक्षा हाच निकष असेल तर तीच तपासू. आपल्या नांदेड जिल्ह्यातलं नवोदय विद्यालय शंकरनगरला आहे. तिथल्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. आरशातली प्रतिमा, अपुरी आकृती पूर्ण करणं, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, हे त्यातले नेहमीचे प्रकार. म्हणजे वेळ वाया घालवणारी म्हणून आपण टाळतो ती घडी परीक्षेतच विचारली जाते. ज्या मुलानं कागद दुमडून पाहिलेला नाही, ते युक्ती पाठ करतं: आरशात डावं-उजवं बदलतं, पाण्यात वर-खाली. आरशाची रेषा तिरपी झाली की ही युक्ती कोलमडते.

हे चित्रकलेचं काम आहे, हा दुसरा आक्षेप. कागदाची एक घडी घाला, दोन्ही पदरांतून पिन टोचा, कागद उलगडा. दोन छिद्रं पट्टीनं जोडा आणि मोजा. घडीची रेषा त्या रेषाखंडाला मधोमध आणि काटकोनात छेदते. पुढं पाठ करावा लागणारा लंबदुभाजक पाचवीतल्या मुलाच्या हातात असा आपसूक येतो. वरच्या वर्गात आणखी पुढं जाता येतं. आकृतीचं दोन समांतर रेषांत एकापाठोपाठ परावर्तन केलं की ती सरकते, तेही रेषांतल्या अंतराच्या दुप्पट. रेषा एकमेकींना छेदत असतील तर ती फिरते, त्यांच्यातल्या कोनाच्या दुप्पट. ही सजावट नव्हे, भूमितीचा गाभा आहे. आकृती हलवल्यावर काय बदलत नाही याचा अभ्यास म्हणजे भूमिती, असा विचार फेलिक्स क्लाईन यांनी १८७२ मध्ये मांडला. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं, आणि त्याची दखल याच क्लाईन यांनी घेतली.

आता उपक्रमांच्या समर्थकांकडे वळतो, कारण त्यांचीही एक चूक आहे. भिंतीवर कागदी फुलपाखरं लागली, फोटो निघाला, की धडा झाला असं ते मानतात. त्या वर्गात वहीचं पान दाखवून विचारा, याचा कर्ण सममितीचा अक्ष आहे का? अनेक मुलं हो म्हणतात, कारण दोन्ही भाग सारखे आहेत. घडी घातली की कोपरे जुळत नाहीत. भाग सारखे असणं पुरेसं नाही, ते एकमेकांवर बसले पाहिजेत, हे तेव्हा कळतं. मग रांगोळीतला स्वस्तिक घ्या. कोणत्याही रेषेवर दुमडा, जुळणार नाही; पाव फेरी फिरवा, तंतोतंत जुळेल. फुलपाखरांवर थांबलेल्या वर्गाला ही दुसरी सममिती भेटतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की उपक्रमाचा क्रम पाळावा: आधी उत्तर सांगायचं, मग करून पाहायचं, मग कारण द्यायचं. अंदाज चुकला की कारण शोधावंच लागतं, आणि गणित तिथंच सुरू होतं. दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला याचा उलट आधार होतो. एक वर्ग घड्या घालून वहीत कारणं लिहीत असताना दुसऱ्याला शिकवता येतं. बाकांवर मराठी, गोरमाटी, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं शेजारी बसतात. व्याख्येची मराठी सगळ्यांना सारखी झेपत नाही, घडी मात्र सगळ्यांना दिसते.

साहित्यही घरातलंच आहे. बंजारा कशिद्याचा काठ किंवा आईच्या लुगड्याची किनार आणायला सांगा. एका ओळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार सातच प्रकार संभवतात, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे; मुलांनी गावातले काठ तपासून त्यातले किती सापडतात ते शोधावं. महालक्ष्म्यांची पावलं चालल्यासारखी एकाआड एक उमटवली की परावर्तन आणि सरकणं एकत्र कसं घडतं ते दिसतं.

सरावाच्या पाठीराख्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या घटक चाचणीत समभुज नसलेला समांतरभुज चौकोन द्या आणि लिहा: याचा कर्ण सममिती अक्ष का नाही, ते कारणासह सांगा. घड्या घातलेला वर्ग आणि न घातलेला वर्ग, दोघांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवा आणि मगच वेळ कुठं वाया गेला ते ठरवा.