बागेच्या कोपऱ्यातून : सग्वारो निवडुंग

अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा या वाळवंटी प्रदेशांत सग्वारो हा स्तंभाकार निवडुंग वाढतो. त्याचे आयुष्य दीडशे वर्षांहून अधिक असू शकते. मात्र पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम ३-४ सेंटिमीटर उंच होतो. पहिली फांदी बहुधा पन्नाशीनंतरच फुटते. रोप आजोबांनी लावावे आणि फांदी नातवंडांनी पाहावी, असा हा व्यवहार आहे.

रानात त्याचे रोप दुसऱ्या झाडाच्या सावलीत वाढते. म्हणून कुंडीतील कोवळ्या रोपासही दुपारचे ऊन लागू देऊ नये. भर उन्हाची सवय पुढे हळूहळू लावावी. कुंडीच्या तळाशी छिद्र असावे व मातीत भरड वाळू आणि बारीक खडी निम्म्याहून अधिक असावी. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. थंडीत ते जवळजवळ बंद करावे. आपल्याकडील पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पागोळ्यांपासून दूर ठेवावी.

खोडावरील घड्या पाणी मिळताच फुगतात, टंचाईत आवळतात. त्या आवळलेल्या पाहून घाबरून पाणी ओतू नये. तहान हा निवडुंग दीर्घकाळ सोसतो. मायेने रोज घातलेल्या पाण्याने मात्र त्याची मुळे कुजतात.