पाच वर्षांचे पाहुणे

नोव्हेंबर उजाडला की पेन्शनर मंडळी बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघतात. फराळाचे डबे तळाला लागलेले असतात आणि सरकार विचारत असते, "आहात ना?" परदेशी राहणाऱ्यांना हा दाखला भारतीय वकिलातीतूनही देता येतो. आमच्या काही वाचकांची पावले आता तिकडे वळू लागली आहेत.

मुलगा टोरांटोत, मुलगी मिसिसागात. मग इथला फ्लॅट भाड्याने देऊन उरलेले दिवस तिकडेच काढावेत, असा बेत घरोघरी शिजतो. कॅनडाचा सुपर व्हिसा त्याला हात देतो. त्यावर पूर्वी एका खेपेला दोन वर्षे राहता येई, २०२२पासून पाच वर्षे राहता येते. त्यासाठी किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, शिवाय मुलाने उत्पन्नाचा पुरावा जोडून आईवडिलांना सांभाळण्याची लेखी हमी द्यावी लागते. ज्याच्या प्रगतिपुस्तकावर आपण पालक म्हणून सही केली, तोच आता आपल्या कागदांवर सही करतो. बापाला हे जरा जडच जाते. आणि एवढे करूनही कायद्याच्या लेखी आपण पाहुणेच!

व्हिसावरचे पाहुणेपण चालून जाते. अंगात मुरले की अवघड. सामानाची यादी आपण चोख करतो : भाजणी, गोडा मसाला, गुडघ्याचा पट्टा, महिनोनमहिने पुरतील इतक्या गोळ्या. एकट्याने घराबाहेर पडण्याची तयारी मात्र राहून जाते. इथे दूधवाला, रद्दीवाला, कट्ट्यावरची मंडळी दिवसातून दहादा आपली हयाती नोंदवतात, तीही न मागता. तिथे जानेवारीत पाचच्या सुमाराला अंधारून येते, मुले कामावर असतात आणि नातवाला शाळेतून आणले की दिवस संपतो.

म्हणून पहिल्याच महिन्यात मुलाकडून एक अख्खा शनिवार मागून घ्या. बर्फावर न घसरणारे बूट घ्या, बसचे कार्ड काढा, आणि ग्रंथालयाचेही. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत आणि शहरात राहणाऱ्याला सभासदत्व फुकट मिळते. पुढच्या खेपेला एकटे जा. चुकीच्या स्टॉपवर उतरलात तरी बिघडत नाही. गाव पायाखाली येते ते असेच.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा एकट्यादुकट्याची नाही. दिवाळी अंक शेजारीपाजारी फिरतो, वाचनालयात रांग लावतो, कोपरे दुमडून घरी परततो. यंदाचा आमचा अंक कुकर आणि भाजणीच्या मध्ये बॅगेत बसला, तर तिकडे वाचून कपाटात ठेवू नका. चार स्टॉप पलीकडे कुणी मराठी आजी राहत असतील, त्यांना नेऊन द्या. मग महिनाभर तिकडे फिरकला नाहीत, तर त्या स्वतः फोन करून विचारतील, "आहात ना?"



— संपादक