औषधाचे माप आणि परिचारिकेचा वेळ

रुग्णालयात चुकीच्या औषधाने एखादा रुग्ण दगावला, की पहिले बोट उठते ते त्या पाळीतील परिचारिकेकडे. दोषी व्यक्ती सापडली की व्यवस्था आपोआप निर्दोष ठरते, अशी आपल्या प्रशासनाची सोयीस्कर समजूत आहे. ती एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

औषध देण्याचे पाच नियम परिचारिकांना प्रारंभीच शिकविले जातात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. हे नियम आवश्यक खरेच. पण ते पुरेसे आहेत काय? १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदी आणि औषधनियंत्रण यांतील भ्रष्टाचार पुढे उघडकीस आणला. परिचर्येच्या दृष्टीने मात्र या दुर्घटनेचा आणखी एक धडा आहे. पाचही नियम काटेकोरपणे पाळले, तरी असे विष रोखता येत नाही. बाटली त्याची वार्ता देत नाही. रुग्णाचे शरीर देते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की लघवी घटते, आणि ती मोजून नोंदविणारे कोणी असेल तरच धोका वेळीच ध्यानात येतो.

म्हणूनच औषध देण्यापूर्वी रुग्ण पाहणे आणि दिल्यानंतर तो पुन्हा पाहणे, हे परिचर्येचे आद्य कर्तव्य होय. डिगॉक्सिन देण्यापूर्वी नाडी मोजावयाची. ती मिनिटाला ६० च्या खाली असेल, तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावयाचे. इन्सुलिनपूर्वी रक्तातील साखर पाहावयाची आणि रुग्ण जेवणार आहे की नाही, हेही विचारावयाचे. अनेक रुग्णांनी एकाच वेळी हाक मारली, तर ज्याचा श्वास अडला आहे त्याच्याकडे आधी धावावयाचे. ही सारी निर्णयाची कामे आहेत, आणि निर्णयाला वेळ लागतो.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. भारतीय परिचर्या परिषदेचे मानक अध्यापन रुग्णालयातील साधारण वॉर्डासाठी ३ रुग्णांमागे १ परिचारिका असे आहे. म्हणजे तीन पाळ्या धरल्यास प्रत्येक पाळीत ९ रुग्णांमागे १. आठ तासांच्या पाळीत प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला सुमारे ५३ मिनिटे येतात. समजा, तिच्याकडे ४० रुग्ण सोपविले, तर उरतात अवघी १२ मिनिटे. त्यांतच सलाईन, इंजेक्शन, नोंदवही आणि नातलगांच्या शंका. अशा वेळी गोळ्या वाटल्या जातात, निरीक्षण मात्र गळते. रिक्त पद हे अंदाजपत्रकात बचत म्हणून दिसते. वस्तुतः तो खर्च रुग्णाच्या माथी मारलेला असतो. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या रुग्णालयात खेड्यापाड्यांतून माणसे येतात. सलाईनच्या बाटलीवर लक्ष ठेवण्यासाठी नातलगाला रात्रभर खाटेशी बसावे लागत असेल, तर त्याची बुडालेली मजुरी कोणत्या हिशेबात धरावयाची?

शासनाकडे पैसा नाही, असे उत्तर मिळेल. पण पुष्कळ सुधारणांना फारसा पैसा लागत नाही. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ पासून आहे. त्याचा आग्रह धरावा. दूरध्वनीवरून आलेला आदेश लिहून घेऊन तो परत वाचून दाखवावा. पोटॅशियम क्लोराइडचे संहत द्रावण वॉर्डाच्या कपाटात ठेवू नये. इन्सुलिन आणि हेपॅरिन यांची मात्रा दोघींनी तपासावी. औषधांची ट्रॉली फिरत असताना परिचारिकेला अन्य कामाला पिटाळू नये. आणि जी परिचारिका आपली चूक आपणहून कळवील, तिला शिक्षेचे भय नसावे. अन्यथा चुका लपतील आणि पुन्हा घडतील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला होता. असे संकल्प घोषणांनी तडीस जात नाहीत. रिक्त पदे भरणे हा त्यांचा पाया आहे, आणि तो घालण्याची जबाबदारी वॉर्डातील परिचारिकेची नसून मंत्रालयाची आहे. चौकशीचे बोट उठेल, तेव्हा ते तिकडेही वळले पाहिजे.