रोपाला पाणी घालावं, पण बेतानं

कुंडीत मिरचीचं नाहीतर टोमॅटोचं बी टाकावं, आठ-दहा दिवसांनी हिरवे कोंब वर आलेले पाहून जीव हरखावा, आणि पुढे चार दिवसांनी बघावं तर निम्मी रोपं आडवी! तुमच्यापैकी बऱ्याच जणींना हा अनुभव आला असेल. मग ‘बीच खराब निघालं’ किंवा ‘माझ्या हाताला यशच नाही’ असं म्हणून आपण ती कुंडी कोपऱ्यात सारतो. पण बी उगवून वर आलं होतं, म्हणजे ते खराब नव्हतंच. अशा वेळी बहुधा दोष असतो पाण्याचा. आणि तोही कमी पाण्याचा नव्हे, तर जास्त पाण्याचा.

आपल्यासाठी हे चार रोपांचं दुःख. पण माझं सासर जुन्नर तालुक्यातलं निमगाव सावा, आणि तिथे याच गोष्टीवर घरचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत भरपूर पाऊस, पूर्वेकडच्या आमच्या भागात त्या मानानं कमी. पण येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली आणि या टापूत बागायत वाढली. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आणि ओतूर-आळेफाट्याचा कांद्याचा बाजार तुम्ही ऐकून असालच. त्या कांद्याची सुरुवात होते दोन-चार गुंठ्यांच्या रोपवाटिकेत. रब्बीच्या कांद्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, सात-आठ आठवडे रोपं सांभाळायची आणि मग उपटून शेतात लावायची. एवढ्याशा जागेतली रोपं गेली, तर एकरभर शेत मोकळं राहतं.

त्यातून कांद्याचं बी मोठं नाजूक. गव्हा-हरभऱ्यासारखं ते दोन-तीन वर्षं भरवशानं टिकत नाही. वर्ष उलटलं की त्याची उगवण झपाट्यानं घटते. म्हणून रोपं गेली की ‘मागच्या सालचं आहे थोडं, ते टाकू’ असं म्हणायची सोय नसते. नवं बी विकत आणलं, तर लागवड महिनाभर लांबते आणि कांदा पोसायच्या दिवसांत ऊन तापतं.

आमच्या भावकीतल्या एका घरी असंच झालं. शेतीची वीज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. आमच्याकडे उसामुळे बिबट्याचं भय. रात्री बाऱ्याला जायचं म्हणजे जीव मुठीत धरून. त्यामुळे मोटर चालू केली, रोपाचे वाफे काठोकाठ भरून घेतले आणि माणसं घरात आली. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस आभाळ भरलेलं. चौथ्या दिवशी रोपात ताटाएवढी गोल गोल चट्टी पडली, आणि आठवड्यात निम्मं रोप गेलं. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे विकतच्या रोपात घालावे लागले. फी पुढे उसनवारी करून भरली, पण त्या बाईंच्या जिवाला किती घोर लागला, ते मी जवळून पाहिलं.

असं का होतं, ते आता पाहू. माती म्हणजे सगळी माती नसते. तिच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. त्यांतल्या काहींत पाणी आणि काहींत हवा असली की मुळं सुखी असतात, कारण मुळांनाही श्वास लागतो. आपल्या शेतकऱ्यांनी या अवस्थेला फार नेमका शब्द ठेवला आहे : वाफसा. पाणी तुंबलं की साऱ्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात, आणि त्याच ओलीत ‘पिथियम’ नावाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव फोफावतो. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून चक्क पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. मग जमिनीलगत देठ पाणचट होतो, बारीक पडतो आणि रोप कोलमडतं. हा रोग आपल्याकडे जुनाच आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेतले बटलर यांनी १९०७ सालीच पिथियमवर सविस्तर प्रबंध लिहिला होता. एकदा आडवं झालेलं रोप पुन्हा उभं राहत नाही, म्हणून सगळी काळजी आधीच घ्यायची.

मी अर्धवेळ शिकवते, त्या शाळेत मुलींकडून एक सोपा प्रयोग करून घेते. दोन बशा घ्यायच्या, दोन्हींत मूठभर मेथीदाणे. एकीत दाणे बुडतील इतकं पाणी, दुसरीत नुसतं ओलं फडकं. आठवड्यात ओल्या फडक्यावर हिरवळ उभी राहते आणि पाण्यातले दाणे आंबून वास मारू लागतात. घरात मुलं असतील तर जरूर करून बघा.

आता कृती. कुंडीच्या तळाला भोक हवंच. त्यावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी निघून जातं. बी पेरण्याआधीच माती नीट भिजवून, पाणी निथळू द्यावं. बी फार खोल नको. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर आली की पुरे. बी दाटही पेरू नये. दाट रोपांत वारा खेळत नाही आणि रोग लवकर पसरतो.

पेरल्यावर वर ओलं गोणपाट नाहीतर जुनं सुती फडकं पसरावं आणि पाणी त्यावर शिंपडावं, म्हणजे बी जागचं हलत नाही. मात्र रोज उचलून बघायचं, आणि पहिले कोंब दिसताच ते काढायचं. एक दिवसाचाही आळस केला तर कोंब पिवळे आणि लांबुडके होतात.

तांब्यानं किंवा नळीनं थेट पाणी ओतू नये. बारीक भोकांची झारी उत्तम. झारीची चाळणी वरच्या बाजूला वळवली की पाणी पावसासारखं हलकं पडतं. धार आधी कुंडीच्या बाहेर सुरू करावी, मग रोपांवरून फिरवत न्यावी आणि बाहेरच थांबवावी. कारण सुरुवातीचे आणि शेवटचे थेंब मोठे असतात. झारी नसली, तर प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईनं दहा-बारा भोकं पाडावीत, झारी तयार. त्याहून सोपी युक्ती म्हणजे परातीत दोन बोटं पाणी घालून कुंडी त्यात ठेवावी. वरची माती ओलसर दिसली की लगेच उचलून निथळत ठेवावी. कुंडी पाण्यात ठेवून बाजारात जाऊ नये!

किती पाणी, असं विचाराल तर ठरावीक माप नाही. आठ इंची कुंडीला सुरुवातीला एक फुलपात्र पुरतं, पण रोज घालायलाच हवं असं नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत घालून बघावं. आत ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. चिमूटभर माती दाबून पाहिली तरी कळतं. पाणी सुटलं तर ओल जास्त, गोळी होऊन बोट लावताच फुटली तर वाफसा, आणि गोळीच होत नसेल तर पाणी द्यायची वेळ. पाणी सकाळी द्यावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं आणि वरची माती सुकते. ढगाळ दिवसांत हात आखडताच ठेवावा.

शेतात हेच काम गादीवाफा करतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचीही शिफारस आहे की कांद्याचं रोप सपाट वाफ्यात न टाकता उंच गादीवाफ्यावर, ओळींत टाकावं. म्हणजे जादा पाणी बाजूच्या सरीत उतरतं. बी टाकण्याआधी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून मातीत घालतात. ही उपकारक बुरशी रोगाच्या बुरशीला आटोक्यात ठेवते. कुंडीसाठीही ती चालते. कृषी केंद्रात मिळते.

ज्या घरची गोष्ट सांगितली, त्यांनी पुढच्या वर्षी काय केलं, तेही ऐका. ठिबकाचा खर्च झेपणारा नव्हता. त्या बाईंनी घराशेजारीच सहा गादीवाफे करून घेतले, दोनशे लिटरचं एक पिंप ठेवलं आणि दोन झाऱ्या आणल्या. वीज रात्री येवो की दिवसा, पिंप भरून ठेवायचं, आणि पाणी सकाळच्या उजेडात, सासू-सुनेनं मिळून द्यायचं. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, “इतकं झारीनं कुठवर पुरं पडायचं गं?” तर म्हणाल्या, “पंधरा-वीस दिवस तर करायचंय, ताई. एकदा रोपानं मूळ धरलं की मग सरीनं देते.” त्या साली रोप विकत घ्यावं लागलं नाही, उलट उरलेलं शेजारी दिलं.

शेवटी लावणीविषयी. रोपं मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात हलवायची झाली, की आधी आठ-दहा दिवस पाणी हळूहळू कमी करावं, म्हणजे ती काटक होतात. टोमॅटोचं रोप साधारण २५ ते ३० दिवसांत आणि मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतं. उपटण्याच्या आदल्या दिवशी मात्र पाणी द्यावं, म्हणजे मुळं तुटत नाहीत. लावणी संध्याकाळी करावी आणि पहिले दोन दिवस दुपारच्या उन्हातून आडोसा द्यावा.