गाईला कॅल्शियम मिळतं, वेल्डरला नाही

मी गुरांचा डॉक्टर. निवृत्त झालो तरी दिंडोरीच्या वस्त्यांवरून फोन येतातच. दुधाळ गाय व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं की ती बसते, मान पोटाशी वळवते. शिरेतून सावकाश कॅल्शियम गेलं की बहुतेकदा उठतेही. त्यामुळे ती बाटली बॅगेत कायम असते.

मध्यंतरी असाच गाईसाठी गेलो, तर मालकाचा मुलगा बोटं बर्फात धरून कण्हत होता. तो वायनऱ्यांच्या स्टीलच्या टाक्यांचं वेल्डिंग करतो. द्राक्षतोडणीआधी टाक्यांची घाई असते. काळा पडलेला जोड उजळायला पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. हातमोजा फाटका होता, पण दुपारी काही जाणवलं नाही. रात्री ठणका सुरू झाला. कातडी जेमतेम लाल, दुखणं हाडात.

हे आम्ल असंच फसवतं. सौम्य असेल तर वेदना चोवीस तासांनीही सुरू होते. फ्लोराइड आत उतरून कॅल्शियमला धरतं. फार शोषलं गेलं तर हृदयाची लय बिघडते. तीव्र आम्लाने बोटांसकट अडीच तळव्यांएवढी त्वचा भाजूनही माणसं दगावली आहेत. दक्षिण कोरियातल्या गुमीत 2012 साली याचाच वायू गळून पाच कामगार गेले.

यावर उतारा कॅल्शियमचाच, पण माझी बाटली गुरांची, माणसाला चालत नाही. त्याला तातडीने नाशिकला पाठवलं.

‘पाण्याने धुतो की,’ वेल्डिंगचे शेडवाले म्हणतात. धुवायचंच, लगेच आणि भरपूर. पण त्यानंतर अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळावं लागतं, आणि ते मला एकाही शेडमध्ये दिसलं नाही. याच औषधाचं इंजेक्शन सरकारी प्रसूतिगृहात मॅग्नेशियम सल्फेटवर उतारा म्हणून ठेवायचं असतं. म्हणजे औषध दुर्मीळ नाही, कुणाला सुचलेलं नाही. चार-पाच जणांचं शेड सहसा कारखान्याच्या कायद्यात बसत नाही, म्हणून तपासणीची वाट पाहण्यात अर्थ नाही. पेस्ट विकणाऱ्याने डब्यासोबत जेल द्यावं, मराठीत सूचना चिकटवावी. टाकीची ऑर्डर देणाऱ्या वायनरीने जेल ठेवण्याची अट करारात घालावी. लाखोंच्या टाकीत एवढा खर्च कुणाला जड नाही.

आणि दवाखान्यात जाताना पेस्टचा डबा सोबत न्या. नुसतं ‘ॲसिड लागलं’ सांगितलंत, तर भाजल्याचं मलम लावून घरी पाठवतील.