नावे उरली, देव गेले

आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाचा आरंभ ख्रिस्ती त्रैक्याच्या नावाने होतो आणि त्याच संविधानाच्या चौथ्या कलमात राष्ट्राचे नाव येते ‘एअरे’. हे नाव एका देवीचे आहे. गेल लोक बेटावर उतरले तेव्हा एरिउ या देवीने आपले नाव या भूमीला मिळावे असा वर मागितला, अशी तेथील जुनी कथा सांगते. भाषाशास्त्रज्ञ या नावाचे नाते संस्कृतातील ‘पीवरी’ या शब्दाशी जोडतात. अर्थ पुष्ट, समृद्ध. राष्ट्राला माता मानणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, असे आपल्याकडील पुरोगामी पंडित उठता-बसता सांगत असतात. डब्लिनच्या सरकारी कागदांवर रोज कोणाचे नाव छापले जाते, हे त्यांनी एकदा पाहावे.

परंतु या नावाचा अभिमान तेथे उरला, आराधना उरली नाही. हे कसे घडले, याचा इतिहास हिंदू कुटुंबांनी बारकाईने वाचावा असा आहे.

आयरिश देवतांच्या कथा ज्यांनी लिहून ठेवल्या ते ख्रिस्ती मठवासी होते. त्यांनी लिहिल्या नसत्या तर आज काहीच उरले नसते, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र लिहिताना त्यांनी देवांना देवपण ठेवले नाही. अकराव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘लेबोर गबाला’ या ग्रंथात ‘तुआहा दे दानान’, म्हणजे दानान देवीचे गण, हे बायबलमधील नोहाच्या वंशातले मर्त्य राजे ठरले. पुढे लोककथेत ते टेकड्यांखाली राहणारे यक्षगण झाले. देव, मग राजा, मग मुलांच्या पुस्तकातील परी, अशी ही उतरण आहे.

‘मोरिगन’ या युद्धदेवतेचे उदाहरण घ्यावे. तिच्या नावातील पहिला स्वर दीर्घ मानला तर अर्थ ‘महाराज्ञी’, ऱ्हस्व मानला तर ‘भयस्वप्नाची राणी’. विद्वानांचा हा वाद अजून मिटलेला नाही. पण नवव्या शतकातील एका हस्तलिखितात बायबलच्या यशया ग्रंथातील ‘लामिया’ या शब्दाचा अर्थ स्त्रीरूपातील राक्षसी, म्हणजेच मोरिगन, असा दिला आहे. एका टीपेत देवी हडळ झाली!

‘दाग्दा’ या नावाचा मूळ अर्थ ‘चांगला देव’. या शब्दाचा उत्तरार्ध आणि संस्कृतातील ‘देव’ एकाच मुळाचे आहेत. चांगला म्हणजे सज्जन नव्हे. युद्धापूर्वी प्रत्येक जण आपापले सामर्थ्य सांगतो, तेव्हा दाग्दा म्हणतो की हे सारे मी एकटा करीन. म्हणून तो चांगला, म्हणजे सर्वसमर्थ. त्याची ‘ओल्लाथर’ म्हणजे विश्वपिता ही पदवीही प्रसिद्ध आहे. त्याच्या कढईपुढून कोणी अतृप्त उठत नसे. मराठी वाचकाला द्रौपदीची थाळी आठवेल. आणि त्याच कथेत तो आखूड अंगरखा घातलेला, लापशी ओरपणारा पोटभरू म्हणून येतो. हे मूळचेच असेल किंवा लेखणी धरणाऱ्याने थट्टा भरली असेल. लोकांच्या लक्षात मात्र लापशीच राहिली.

लूगच्या पदव्या अधिक सुदैवी ठरल्या. ‘लामफादा’ म्हणजे दीर्घबाहू. आपण ज्याला आजानुबाहू म्हणतो तसा. ‘सामिल्दानाख’ म्हणजे सर्व कला सारख्याच अवगत असलेला. तारा येथील राजद्वारी द्वारपाल त्याला अडवतो. सुतार, लोहार, वीणावादक, कवी, सारे आमच्याकडे आहेत, असे सुनावतो. पण या सर्व विद्या एकाच पुरुषाच्या ठायी आहेत काय, या प्रश्नावर निरुत्तर होतो. आयरिश भाषेत ऑगस्टला आजही ‘लूनसा’, म्हणजे लूगचा उत्सव, असेच म्हणतात. मात्र तो महिना उच्चारणाऱ्यांपैकी देव किती जणांना आठवतो?

येथे स्वकीयांनाही एक इशारा दिला पाहिजे. ‘दानान’ ऐकताच वेदातील दनू सापडल्याचा जल्लोष करणारे उत्साही वीर कमी नाहीत. त्यांना वृत्राची माता दनू आणि देवगणांची ही माता यांतील अंतर दिसत नाही. ‘दनू’ हे आयरिश रूप अभ्यासकांनी अनुमानाने साधलेले आहे, हेही ठाऊक नसते. या वाटेने गेल्यास उद्या दाग्दा म्हणजे आपला शेंदूर फासलेला दगड, असेही कोणी सिद्ध करील. विरोधकांना हसण्याची संधी आयती का द्यावी? खरे साम्य पुरेसे आहे, आणि ते सिद्ध करायला कष्ट पडतात. आयरिश विद्वान व्हिटली स्टोक्स भारतात सरकारी विधी-अधिकारी होता. कॉर्माकच्या प्राचीन आयरिश शब्दकोशाचे इंग्रजी भाषांतर त्याने संपादून १८६८ साली छापले, ते कोलकात्यात. याच कोशात ब्रिगिड ही दाग्दाची कन्या आणि कवींची आराध्यदेवता म्हटली आहे.

ब्रिगिड म्हणजे उन्नत, थोर. संस्कृत ‘बृहती’ याच मुळातली. कवित्व, वैद्यक आणि लोहारकाम या तीन विद्यांच्या ब्रिगिड नावाच्याच तिघी बहिणी. पुढे किल्डेअर येथे त्याच नावाची ख्रिस्ती संत आली आणि वसंतारंभाचा १ फेब्रुवारी हा तिचा दिवस ठरला. तेथील अखंड अग्नी एकोणीस जोगिणी आळीपाळीने राखीत आणि विसाव्या रात्री स्वतः संत राखी, असे बाराव्या शतकातील गिराल्डस लिहितो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत तो विझला. १९९३ साली किल्डेअरच्या बाजारचौकात तो पुन्हा चेतवला गेला. चेतवणाऱ्या ब्रिगिडाइन संघाच्या कॅथलिक जोगिणी होत्या. २०२३ पासून ब्रिगिडच्या नावाने तेथे राष्ट्रीय सुट्टीही असते. सुट्टी संताची आहे.